वाटेवरची दुरुस्ती आणि घरचा घोर

तुमच्या दारात ट्रक उभा नसेल, पण तुमचा माल ट्रकनेच जातो. लासलगावचा कांदा घ्या, सांगोल्याचे डाळिंब घ्या, नारायणगावचा टोमॅटो घ्या. बांधावरून सडकेपर्यंत तो ट्रॅक्टरने आला तरी पुढे वाशीपर्यंत त्याला ट्रकच्याच पाठीवर बसावे लागते. शिवाय आता गावोगाव अशी घरे आहेत की ज्यांनी जमिनीला जोड म्हणून कर्ज काढून टेम्पो नाही तर सहाचाकी घेतली आहे. थोरला शेती पाहतो, धाकटा स्टिअरिंगवर बसतो. अशा घरात रात्री दोन वाजता फोन वाजला की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. ‘गाडी बंद पडली’ हे ऐकणे वाईटच. पण त्याहून वाईट फोन दुसऱ्या दिवशी येतो, ‘काल दुरुस्त करून घेतली होती, तीच परत गेली.’

आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या फोनबद्दल.

गाडी म्हटली की बिघडणारच. तिला बोल लावण्यात अर्थ नाही. पण पैसे मोजून, चार तास घालवून केलेली दुरुस्ती तीस कोसांवर दगा देते, तेव्हा तो निव्वळ नशिबाचा खेळ नसतो. बहुतेक वेळा कुणीतरी घाईने, कुणीतरी अज्ञानाने, आणि कुणीतरी जाणूनबुजून केलेला तो उद्योग असतो.

हमरस्त्यावरचे गॅरेज तुम्ही पाहिले असेलच. ढाब्याला लागून पत्र्याची शेड, पुढे जुन्या टायरांची चळत, तेल पिऊन काळी झालेली जमीन. एका रांगेत पंक्चरवाला, पाटेवाला, वायरमन, रेडिएटरवाला, वेल्डिंगवाला. घाटाच्या अलीकडे पलीकडे अशी वस्ती हटकून असते, कारण गाडीचे खरे दुखणे चढाला आणि उताराला बाहेर पडते. कसारा असो, खंबाटकी असो, पायथ्याशी रात्रभर हातोड्याचा आवाज बंद नसतो.

आता गावातला मिस्त्री आणि हा मिस्त्री यांतला फरक ध्यानात घ्या. गावातल्या मिस्त्रीला तुमचे तोंड सोमवारच्या बाजारात पाहायचे असते. काम फसले तर तुम्ही त्याच्या दारात उभे राहणार, चारचौघांत विचारणार, हे त्याला ठाऊक असते. हमरस्त्यावरच्या मिस्त्रीला गाडीच्या नंबरावरूनच कळते की हे गिऱ्हाईक दोनशे मैलांवरचे आहे, पुन्हा येणार नाही. मागे टोमॅटोच्या क्रेट आहेत हेही त्याला दिसते. पहाटेच्या लिलावाला गाडी पोचली नाही तर भाव निम्मा, आणि ऊन वर आले तर क्रेटमधून पाणी गळू लागणार, हे त्याला तुमच्या ड्रायव्हरइतकेच कळते. घड्याळ त्याच्या बाजूने असते. मग तो सांगेल तो दर आणि लावील तो भाग.

त्याचीही बाजू पाहिली पाहिजे, नाही तर आपले बोलणे एकांगी होईल. यांतले पुष्कळसे मिस्त्री लहानपणी पोटासाठी पान्हा हातात घेतलेले. उस्तादाच्या शिव्या खात, पाहून पाहून शिकलेले. कंपनीचे पुस्तक कधी हाती आले नाही, कुणी शिकवायला बसवले नाही. आणि आपण मंडळी काय करतो? गाडीत मापाबाहेर माल भरतो, पाटा तुटला की ‘तेवढे चालते करून दे, बाकीचे घरी गेल्यावर बघू’ म्हणतो, आणि अस्सल भागाची किंमत ऐकली की डोळे पांढरे करतो. मग तो ‘चालते करून’ देतो. गाडी चालते, आणि घाटात बोलते. तरीही त्या रांगेत रात्री तीन वाजता पावसात गाडीखाली शिरून प्रामाणिकपणे काम करणारे, उरलेले पैसे परत देणारे मिस्त्री आहेत. जुने ड्रायव्हर त्यांची नावे मनात जपून ठेवतात आणि एकमेकांना सांगतात. तुमच्या मुलाने अशा जुन्या ड्रायव्हरांच्या पंगतीला बसून ही नावे गोळा केली तर त्यासारखी दुसरी शिदोरी नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सगळ्या दुरुस्त्या सारख्या नसतात. काहींत पैसे जातात, काहींत माणूस जातो. म्हणून चाक आणि ब्रेक यांच्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो.

चाक उतरवून परत बसवले की नट आवळले जातात. मिस्त्री लांब पाइप लावून, त्यावर उभा राहून आवळतो आणि म्हणतो, ‘उस्ताद, आता हत्ती आला तरी हलायचे नाही.’ पण हलते. डिस्क आणि ड्रम यांच्यामध्ये गंज, माती किंवा रंगाचा थर राहिला असेल तर गाडी चालताच तो थर दबतो आणि नट आपोआप सैल पडतात. म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात. चाक चढवण्यापूर्वी ती जागा तारेच्या ब्रशने घासली का? आणि नट एका बाजूने ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळले का? काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, तेही नवख्या पोराला ठाऊक नसते. यानंतर पन्नास ते शंभर किलोमीटरवर गाडी थांबवून नट पुन्हा आवळायचेच. हे काम मिस्त्रीचे नाही, ड्रायव्हरचे आहे. एक सोपी युक्ती सांगतो: नट आवळून झाले की प्रत्येक नटावरून डिस्कवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. चहाला थांबलात की बॅटरीच्या उजेडात रेघ पाहा. मोडली असेल तर नट हलला. नटाच्या भोवती तांबूस गंजाचे ओघळ दिसले तर तेही त्याचेच लक्षण.

हबमध्ये ग्रीस भरून बेअरिंग बसवताना असाच घोळ होतो. फार आवळले तर हब तापतो आणि बेअरिंग जळते; ढिले राहिले तर चाक डुलते. काम करून निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर उतरून सर्व हबांजवळ हाताची मागची बाजू न्या. लगेच टेकवू नका, पोळेल. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तसेच पुढे जाऊ नका. माल उशिरा पोचेल, पोचू द्या.

ब्रेकचे काम झाल्यावर ‘चालवून बघा, मस्त लागतो’ यावर विसंबू नये. एकाच बाजूचे लायनर बदलले की गाडी ब्रेक मारताना एका अंगाला ओढते. म्हणून एका अॅक्सलची दोन्ही बाजूंची लायनर एकदमच बदलावीत. लायनर तेलाने किंवा ग्रीसने माखले असेल तर ते पेट्रोलने धुऊन परत लावणे म्हणजे शुद्ध फसवणूक. तेल आत मुरलेले असते, तापले की वर येते, आणि ते तापते घाटातच. शिवाय तेल तिथे आले कुठून? सील गेले म्हणून. सील बदलल्याशिवाय नवे लायनर घातले तर चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. हवेच्या ब्रेकच्या गाडीत हवा पूर्ण भरू द्या, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करा आणि ब्रेकवर पाय दाबून ठेवून मिनिटभर काट्याकडे पाहा. काटा भराभर खाली येत असेल तर कुठेतरी हवा गळते आहे. छोट्या टेम्पोला तेलाचे ब्रेक असतात. त्यात डब्यावर लिहिलेलेच ब्रेक ऑइल घालावे. हाताशी आहे म्हणून कुणी इंजिनचे तेल ओतले तर आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतो.

एवढे केल्यावरही नव्या लायनरने पहिल्याच फेरीला भरलेली गाडी घेऊन उतार उतरताना जपावे. लायनर ड्रमला नीट घासून बसायला वेळ लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नेम. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी त्याच्या हाती गाडी देऊ नका.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पाटा तुटला तर तो बदलायचा, वेल्डिंग करायचा नाही. पाट्याचे पोलाद वेल्डिंगच्या आचेने ठिसूळ होते आणि जोडाशेजारीच मोडते. नवा पाटा घातल्यावर यू-बोल्ट भरल्या गाडीने थोडे अंतर गेल्यावर पुन्हा आवळावे लागतात. ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचे रबर इंजिनला चिकटून राहिले आणि त्यावरच नवा चढवला, तर तेल वाटेत धो धो गळते. म्हणून इंजिन चालू करून पाच मिनिटे खाली वाकून पाहिल्याशिवाय निघू नये. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅटचा वॉलच काढून फेकणारे मिस्त्री पुष्कळ. त्याने मूळ रोग जात नाही, इंजिन हवे तेवढे गरम होत नाही आणि डिझेल जास्त जळते.

वायरमनबद्दल मात्र जरा थांबून सांगितले पाहिजे. फ्यूज वारंवार उडतो याचा अर्थ कुठेतरी वायर घासून उघडी पडली आहे. ती शोधायला तासभर लागतो. त्याऐवजी फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळली की दोन मिनिटांत दिवे लागतात, आणि वायरमन पैसे घेऊन मोकळा होतो. आता तार जळणार नाही. जळेल ती आतली वायर, आणि तिच्यामागोमाग केबिन. रात्री केबिनमध्ये तुमचा मुलगा आणि क्लीनर झोपलेले असतात. घरी गाडी आली की फ्यूजचे डबडे स्वतः उघडून पाहा. तार दिसली तर त्याच दिवशी काढून टाका.

आणखी एक जीवघेणी गोष्ट टायरच्या दुकानातली. ज्या चाकाला वेगळी लोखंडी रिंग असते, ती रिंग वाकडी किंवा गंजलेली असली आणि नीट न बसता हवा भरली, तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. मान, छाती, काही पाहत नाही. हवा लोखंडी पिंजऱ्यात भरावी असा नियम शहाणे लोक पाळतात. पिंजरा नसेल तर निदान साखळी गुंडाळावी आणि टायरच्या समोर कुणी उभे राहू नये. पोरांना तर तिथे जवळपास फिरकू देऊ नका.

आता नव्या गाड्यांची गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ मानकाच्या गाड्या आल्या. त्यांत ठिकठिकाणी सेन्सर आणि संगणकाचा डबा. वेल्डिंगवाल्याने बॅटरीची जोडणी न सोडता चॅसिसला काडी टेकवली तर हा डबा जळू शकतो, आणि त्याची किंमत ऐकून कुणालाही घाम फुटेल. दिवा लागला की काही ठिकाणी मशिन जोडून नुसता दिवा विझवून देतात. दोष तसाच राहतो. ‘दिवा का लागला होता ते सांग’ असे विचारावे. उत्तर आले नाही तर समजून घ्यावे.

यात शेतकऱ्याच्या घराशी थेट संबंध असलेली एक गोष्ट आहे. बहुतेक मोठ्या बीएस-६ गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी छोटी टाकी असते. तिच्यात जे द्रावण भरतात ते साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेले पाणी. हे ऐकले की कुणालाही वाटते, युरिया तर आपल्या घरात पोत्याने पडला आहे! वाटेवर काही महाभाग असेच घरगुती द्रावण कॅनमध्ये भरून स्वस्तात विकतात. पण आपला शेतीचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेल लावलेला येतो, आणि गाडीला लागतो तो वेगळा, अतिशुद्ध युरिया. शेतीचा युरिया आणि विहिरीचे पाणी त्या टाकीत गेले की नळ्या आणि जाळी खड्यांनी बुजतात, गाडीची ताकद संगणक आपोआप कमी करतो, आणि खर्च असा निघतो की त्या पैशांत वर्षाचे खत आले असते. शिवाय सरकारी सवलतीचा युरिया दुसऱ्या कामाला वापरणे हा कायद्याने गुन्हा आहे. सीलबंद कॅन, पंपावरची पावती, याशिवाय ते द्रावण घेऊच नये.

आता पैशाच्या व्यवहाराकडे येऊ. काम सुरू होण्याआधी काय करणार, कोणता भाग घालणार, मजुरी किती, हे मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या. त्याला लिहिता येत नसेल तर ड्रायव्हरने लिहावे आणि फोनवर फोटो काढून घरी पाठवावा. जुना भाग परत मागून घ्यावा. ‘त्याचे काय करणार, भंगार आहे,’ असे म्हणेल, तरी घ्यावा. जुना भाग हातात आला म्हणजे तो खरोखर बदलला एवढे तरी कळते, आणि पुढे तंटा झालाच तर तो साक्षीदार असतो. नव्या भागाच्या खोक्याचाही फोटो घ्यावा. नामांकित कंपन्यांची खोकी हुबेहूब छापून आत भलताच माल भरणारे कमी नाहीत. खोक्यावर छापील किंमत, बनवल्याची तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर तो भाग घेऊ नये. पैसे शक्यतो फोनवरून द्यावेत, म्हणजे तारीख, वेळ आणि कुणाला दिले याची नोंद राहते. आणि भगिनींनो, ही बिले घरी आल्यावर धान्याच्या डब्यामागे जातात हे मला ठाऊक आहे. एक वही घाला: तारीख, ठिकाण, काम, रक्कम, गाडीचे किलोमीटर. कोणता भाग किती दिवस टिकला हे तुमच्या वहीइतके स्पष्ट कुणीच सांगू शकणार नाही.

एक कडू गोष्टही बोलतो. काही गॅरेजवाले बिल फुगवून ड्रायव्हरला त्यातले शे-दोनशे देतात. मालक ड्रायव्हरवर चिडतो, पण त्याला पगार किती, वाटखर्च किती, आणि गाडी अडली तेव्हा त्याने उपाशी किती काढले, हे विचारत नाही. ज्या घरात ड्रायव्हरला घरच्यासारखे वागवतात, तिथे हा प्रकार कमी होतो असे माझे मत आहे.

काम फसलेच तर? पहिला फोन त्याच मिस्त्रीला करा, शांतपणे. निम्मे वाद इथेच मिटतात. तो मजुरी न घेता काम परत करून देतो म्हणाला आणि अंतर फार नसेल, तर माल पोचवून येताना ते करून घ्यावे. ब्रेकचे किंवा चाकाचे असेल तर मात्र गाडी जागची हलवू नये. टोल असलेल्या राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करून गस्तीची गाडी आणि क्रेन मागवता येते.

पैशावरून भांडण होऊन गाडीच अडवून ठेवली तर कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ज्याने वस्तूवर मेहनत केली, त्याला त्याच कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. म्हणजे आजच्या कामाची मजुरी थकली तर तो गाडी अडवू शकतो. मागच्या वर्षीच्या उधारीसाठी नाही. आणि गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत शहाण्या माणसासारखी तिची काळजी घेणे हेही त्याच कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून रक्कम मान्य नसेल तर ‘आक्षेप राखून दिले’ असे पावतीवर लिहून पैसे द्या, गाडी सोडवा, माल विकून या, आणि मग तक्रार करा. सडणारा माल मागे ठेवून तत्त्वासाठी भांडत बसणे शेतकऱ्याला परवडत नाही.

ती तक्रार कुठे करायची? जिल्हा ग्राहक आयोगाकडे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यात आपल्या कामाची एक मोठी सोय झाली: गॅरेज गुजरातेत असो की कर्नाटकात, तुम्ही तक्रार आपल्या स्वतःच्या जिल्ह्यात करू शकता. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे, एवढे लक्षात ठेवा. समोरचा पक्ष म्हणेल, ‘ट्रक धंद्याचा आहे, हे ग्राहक कसले?’ त्यावर कायद्यातच उत्तर आहे: पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून जो वस्तू वापरतो, तो ग्राहकच. एक गाडी घेऊन घरातलाच माणूस ती चालवत असेल तर तुमची बाजू भक्कम; दहा गाड्यांच्या मालकाला हे सूत्र लागू पडणे अवघड. त्याआधी १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर फोन करून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यावरच समोरचा माणूस बोलायला तयार होतो. ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते तालुक्याला असतील तर अर्ज लिहायला त्यांची मदत घ्यावी.

अर्जासोबत काय जोडायचे? कागदावरचा अंदाज, बिल, पैसे दिल्याची नोंद, जुना भाग, दुसऱ्या मिस्त्रीने ‘दोष अमुक होता’ असे लिहून दिलेली चिठ्ठी, आणि माल खराब झाला असेल तर बाजार समितीची त्या दिवशीची पट्टी. शेवटचा हा कागद लोक हमखास विसरतात. रोजच्या भावापेक्षा तुम्हाला कमी काय मिळाले, हे त्या पट्टीशिवाय सिद्ध करता येत नाही.

राहता राहिली एक बारीकशी गोष्ट, पण ती दुरुस्तीचाच भाग आहे. रस्त्यात काम करताना चाकांमागे मोठे दगड लावतात, मागे झाडाच्या फांद्या टाकतात. काम झाले की ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री सगळेच घाईत असतात. गाडी निघून जाते आणि दगड डांबरावर तसेच राहतात. रात्री त्याच रस्त्याने दूध घालून कुणीतरी मोटारसायकलवर परत येत असतो. गाडी सुरू करण्यापूर्वी क्लीनरला खाली उतरवून ते दगड उचलून साइडपट्टीच्या पलीकडे टाकायला सांगा.